बिनकुलपाची रांग

"तुला येती का चालवायला?"

"न्हाई."

"मग नेऊन करतीस काय? डोक्यावर घेतीस?"

नांदेडकडे जाणारी सकाळची गाडी नुकतीच हलली होती आणि तिचा धूर पूर्णा स्टेशनाबाहेरच्या चिंचेच्या शेंड्यात अजून रेंगाळत होता. कुसुमने पदराच्या टोकाची गाठ दातांनी सोडवली, आतली पिवळी चिंधी तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला.

"चिंधी आणंल त्याला सायकल देता ना तुमी, मामी? मग द्या. ही घ्या चिंधी."

चिंचेखाली सायकलींचं स्टँड चालवणाऱ्या सरजाबाईने चिंधी घेतली नाही. ती पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. घटकाभरापूर्वी याच पोरीचा नवरा, दत्तराव, सायकल इथे लावून गेला होता. चिंधी बायकोच्या हातात कोंबताना त्याने खालच्या आवाजात दम भरला होता, "परवा दुपारच्या गाडीनं येतो. चिंधी घेऊन इथं हुबी राहा. हरवलीस तर बघ." आणि मागे वळून न बघता तो गाडीकडे गेला होता. त्याचं गाव तिथून तीन कोस. म्हणजे पोरीने आज तीन कोस पायी परत जायचं, आणि परवा एका चिंधीपायी पुन्हा तीन कोस चालत यायचं.

दत्तराव नांदेडला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. चिंधी स्वतःपाशी ठेवायला तो भ्यायचा, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं.

सरजाबाईच्या स्टँडची रीतच जगावेगळी होती. तिचा नवरा रंगनाथ रेल्वेत खलाशी होता. पाय अधू झाल्यावर साहेबलोकांनी त्याला चिंचेखाली सायकली सांभाळायला बसू दिलं. त्याच्याकडे पत्र्याचे बिल्ले असायचे. पुढे तो तापाने गेला, आणि बिल्ल्यांवरचे आकडे सरजाबाईला वाचता येईनात. पहिल्याच दिवशी लोक रांगेत उभे. तिने अंगावरच्या लुगड्याचा काठ धरला, टर्रकन पट्टी काढली, पट्टीचे दोन तुकडे केले. एक सायकलीच्या मुठीला बांधला, एक मालकाच्या हातात दिला. संध्याकाळी दोन्ही तुकडे एकमेकांशेजारी धरायचे. धागा धाग्याला भेटला की सायकल मालकाला भेटली. बिल्ल्यासारखा बिल्ला चोराला करता येतो, पण फाटलेल्या कापडाची कड कुणाला करता येत नाही. एक लुगडं दोनदा फाडलं तरी दोनदा सारखं फाटत नाही.

आणि चिंधी हरवली तर? तर बसायचं. सगळ्यांच्या सायकली जाईपर्यंत चिंचेच्या मुळीवर बसायचं. शेवटी उरेल ती तुमची. दत्तराव एकदा असा दिवेलागणीपर्यंत बसला होता. शिव्या देऊन झाल्या, गयावया करून झालं. सरजाबाई हलली नाही. "तुमी खरे असाल, दत्तराव. पर मला तुमचं तोंड वळखायची मजुरी मिळत न्हाई, चिंधी वळखायची मिळती."

दुसरी रीत याहून कडक. तिच्या स्टँडवर सायकलीला कुलूप लावायचं नाही. कुणी नवखा माणूस मागच्या चाकाचं कुलूप खट्कन दाबू लागला की ती तिथूनच ओरडायची, "काढा ते! भरवसा माझ्यावर ठेवा, न्हाई तर त्या पत्र्यावर ठेवा. दोघांवर ठेवू नका. अहो, कुलूप चाकाला असतंय, सायकलीला न्हाई. चोर मागून उचलतो, पुढच्या चाकावर ढकलीत नेतो, आन् कुणी इचारलं तर म्हणतो, किल्ली हरवली हो, लय बेजार झालो. लोकच त्याला हात लावू लागतेत."

ती सायकली एक पुढे तोंड, एक मागे तोंड अशा लावायची. एकीच्या मुठीत दुसरीची मूठ गुंतवायची. शेळीच्या गळ्यातलं घुंगरू दोरीत ओवून ती दोरी साऱ्या रांगेतून फिरवायची. मधली एक सायकल ओढली की सगळी रांग वाजायची. बाजारच्या दिवशी उन्हात झगमगणारी ती बिनकुलपाची रांग बघून स्टेशनातला हमाल पंडित नव्या माणसांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "आमच्या अक्कापाशी सायकल ठिवली म्हंजी बँकेत ठिवली. बँक तरी बुडती."

रांगेतली पहिली जागा रंगनाथच्या सायकलीची. ती कुठे जायची नाही, यायची नाही. सरजाबाई रोज सकाळी तिला पुसायची, साखळीला तेल द्यायची, हवा बघायची, आणि मग तिच्या मुठीत दुसरीची मूठ अडकवून दिवसाला सुरुवात करायची.

कुसुमची सायकल सरजाबाई ओळखत होती. दत्तरावची म्हणून नव्हे. त्याच्या आधीपासून.

ती लिंबाजीची सायकल. कुसुमचा बाप लिंबाजी गावोगाव बांगड्या विकायचा. दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या पेट्या, मध्ये लिंबाजी, आणि सायकल चालली की काकणांचा असा बारीक किणकिणाट की बाया घरातूनच म्हणायच्या, आला बया लिंबाजी. बाजारच्या दिवशी तो सायकल चिंचेखाली लावायचा आणि चिंधी कानाला जानव्यासारखी अडकवून हसत हसत पेट्या उचलायचा. मग कुसुमचं लग्न ठरलं. मांडवात नवरदेव रुसला. रुसवा म्हणजे तशी गंमतच. कुणाला घड्याळ हवं असतं, कुणाला अंगठी, थोडी ओढाताण होते आणि वाजंत्री पुन्हा सुरू होते. पण दत्तराव सायकलीवर अडून बसला. दुष्काळ उलटून दोनच वर्षं झालेली, नवी सायकल कुठून यायची? जेवणाच्या पंगती खोळंबल्या. अखेर लिंबाजीने स्वतःच्या सायकलीच्या पेट्या सोडल्या, खांद्यावरच्या उपरण्याने सीट पुसलं आणि ती मांडवात आणून उभी केली. वाजंत्री पुन्हा वाजू लागली.

तेव्हापासून लिंबाजी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी घेऊन चालत होता. बाजाराच्या दिवशी चिंचेवरून जाताना थांबायचा. दत्तरावची सायकल उभी असली की लांबूनच बघायचा, हात लावायचा नाही. या उन्हाळ्यात त्याचा उजवा गुडघा सुजला होता.

"बाबा ह्या वक्ताला सेलगावाच्या वाटंनं बाजारात येतेत," कुसुम म्हणाली. "पेटी डोक्यावर असती. परवाच्याला आमच्या दारावरून गेले. पडले, मामी. सगळी पेटी फुटली. मी अंगणात शेण सारवायले होते. उठून गेले तर सासू म्हणली, बांगडीवाला काय नवा हाय का? बस गप. आन् मी बसले."

सरजाबाईने मुळीवर सरकून तिला जागा केली.

"मी बसले, मामी," कुसुम पुन्हा म्हणाली.

"घरी काय सांगशील?"

"सांगीन काय बी. ढकलीत न्यायले होते, रस्त्यात कुणी हिसकून नेली."

"आन् ते खरं मानतील?"

"मारतील. मारू द्या. आत्ता काय मारत न्हाईत?"

सरजाबाई उठली. रांगेच्या मध्यावर जाऊन तिने घुंगराची दोरी सोडली. मुठी सोडवत सोडवत लिंबाजीची सायकल बाहेर काढली. मुठीवरची पिवळी चिंधी सोडून ती कुसुमच्या चिंधीला लावून बघितली. धागा धाग्याला भेटला. रीत म्हणजे रीत. तिने ती याही वेळी सोडली नाही.

"घे. तुझी सायकल तुला दिली. माह्या स्टँडवर चोरी न्हाई झाली," ती म्हणाली. मग थोडं थांबून, जणू स्वतःलाच सांगावं तसं बोलली, "ही चोरी झाली ती मांडवात. वाजंत्री लावून झाली. मी तर तिथं राखणीला नव्हते."

कुसुम सायकलीचं हँडल धरून उभी राहिली. तेवढ्यात सरजाबाईने तिचा पदर ओढला, तिची पिवळी चिंधी पुन्हा टोकात ठेवली आणि गच्च गाठ मारली.

"हे काय, मामी?"

"चिंधी तुझ्यापाशीच राहू दे. सायकल तू नेलीच न्हाईस. परवा नवरा आला की त्याच्यासंगट ये आन् ही चिंधी मला दे."

"आन् मग सायकल?"

"सायकल नसंल."

पोरीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी तिच्या तोंडाचा रंग उडाला. "न्हाई, मामी. तुमच्या स्टँडवरून कधी काडी गेली न्हाई. लोक काय म्हणतील?"

"मला म्हणतील. तुला मारणार तर न्हाईत?" सरजाबाईने विचारलं. मग मान वळवून रस्त्याकडे बघितलं. "पूस डोळे. तुझा बाप आला बघ."

लिंबाजी लंगडत येत होता. पेटीखाली त्याची मान आखडलेली. मुलगी दिसल्यावर तो आधी दचकला, मग इकडे तिकडे बघितलं, जावई तर नाही ना.

"बाबा, ही घेऊन जा. ह्यांनी दिली," कुसुम म्हणाली. खोटं बोलताना ती सायकलीच्या घंटीकडे बघत होती. "म्हणले, मामांच्या पायाला त्रास होतोय. फकत पूर्णेच्या बाजारात आणू नका. भावकी नावं ठेवंल. वसमतकडं जा, औंढ्याकडं जा."

"जावई म्हणले असं?"

"म्हणले."

लिंबाजीने पेटी खाली ठेवली. डोक्यावरची चुंबळ काढली, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. या हातातून त्या हातात घेतली. शेवटी सायकलीच्या कॅरेजवर ठेवली आणि वरून हात फिरवला. "मी वंगाळ समजत होतो त्या माणसाला," तो सरजाबाईला म्हणाला. "उगंच कुणाला वंगाळ समजू ने, सरजाबाई."

"समजू ने," सरजाबाई म्हणाली.

तो गेल्यावर कुसुम तीन कोसांच्या वाटेला लागली. सरजाबाईने हातातली पिवळी चिंधी बघितली. दुपारी भाकरी करताना ती चुलीत घातली. चिंधी जळताना तिच्या ओठांवर एक ओवी आली. ती जात्यावर कधी गायलेली नव्हती, तिथेच जुळत गेली:

बापानं दिली लेकीला, चाकाची चांदणी गं
सासरी नांदे सायकल, लेक झाली पाहुणी गं

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी वेळेवर आली. कुसुम आधीच येऊन चिंचेखाली उभी होती; दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दत्तराव आला, बायकोपुढे हात केला. तिने गाठ सोडली. चिंधी सरजाबाईच्या हातात पडली.

सरजाबाई रांगेत गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली. नाटक करायचं तिला ठाऊक नव्हतं; ती फक्त उभी राहिली आणि म्हणाली, "दत्तराव, तुमची सायकल न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"गेली. माह्या नजरंआड गेली."

दत्तरावचा आधी विश्वासच बसेना. तो स्वतः रांगेत घुसला, घुंगरं वाजवत सगळ्या सायकली बघून आला. मग त्याचा आवाज चढला. प्लॅटफॉर्मवरचे लोक बाहेर आले. पंडित हमाल पाटी टाकून धावत आला. "अक्का, काय झालं? कसं होईल? तुमच्या हितून?"

"झालं," सरजाबाई म्हणाली.

"बोल की! कुणाला इकली?" दत्तराव ओरडत होता. "मला दिवेलागणीपर्यंत बसविलंस तवा लय इमानाच्या गोष्टी सांगत होतीस. तुमच्या लोकांवर भरवसा ठिवला, तिथंच चुकलं माझं!"

पंडितच्या मुठी आवळल्या. "ओ दत्तराव, सायकलीचं बोला. लोकांचं काढू नका."

"पंडित, तू सर माघारी," सरजाबाई म्हणाली. 'तुमच्या लोकांवर' हे शब्द तिच्या अंगात खिळ्यासारखे गेले होते. घरात तथागताच्या तसबिरीपुढे तिने कधी हात जोडून काही मागितलं नव्हतं; पण आपल्या हातून कुणाला बोट दाखवायला जागा होऊ नये, एवढं तिने आणि रंगनाथने दोघांनी मिळून जपलं होतं. आज त्या एका चिंचेखालच्या जागेवरून साऱ्या वस्तीकडे बोट गेलं.

आणि नेमकी तेव्हाच कुसुम पुढे आली. "अहो, ऐका, त्यांनी न्हाई, ती सायकल मी..."

"तू गप गं!" सरजाबाई कडाडली. स्टेशनावरच्या कुणीही तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "दोन माणसं बोलायलेत तर मधी कशाला तोंड घालायलीस? वळण न्हाई का काही?"

कुसुम जागच्या जागी थिजली. दत्तराव मात्र खूश झाल्यासारखा बायकोकडे बघून म्हणाला, "ऐकलंस? परक्यानं सांगावं लागतंय."

"दत्तराव," सरजाबाई शांत आवाजात म्हणाली, "जिम्मा माझा. सायकलीला सायकल देते." तिने रांगेच्या तोंडाशी जाऊन पहिल्या सायकलीची मूठ सोडवली.

"अक्का!" पंडितच्या तोंडून निघालं. "ती तर दादाची..."

तिने ऐकलंच नाही. रंगनाथची सायकल तिने दत्तरावपुढे आणून उभी केली. दत्तरावने टायर दाबून बघितले, ब्रेक ओढले, पायंडल उलटं फिरवलं. साखळी पाण्यासारखी वाहिली. त्याच्या गेलेल्या सायकलीहून ही कितीतरी चांगली होती, हे त्याला कळलं, म्हणून तो तोंड आणखी वाकडं करून म्हणाला, "हिला कुलूप न्हाई का?"

"न्हाई. कधी लागलं न्हाई."

"आता लागंल," तो म्हणाला, आणि बायकोला मागे बसायची खूण केली. कुसुम बसली नाही. ती सायकलीमागून चालत गेली, वळणापर्यंत, एक हात मागच्या कॅरेजवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी शाळेचे मास्तर दिनकरराव आले. रोज परभणीच्या गाडीने जाणारे, रंगनाथच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. त्यांनी सायकल लावली, चिंधी घेतली, आणि खाली वाकून मागच्या चाकाशी काहीतरी करू लागले. खट्. ते उठले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"रागावू नका, सरजाबाई. घरचे म्हणाले, दिवस वाईट आहेत."

"रागवायचं काय त्यात, मास्तर? किल्ली नीट ठिवा."

मग एकामागून एक. खट्. खट्. बाजारच्या दिवशी तर सारी रांग दातावर दात आपटावे तशी वाजायची. कुणी चाकाला गोल कुलूप आणलं, कुणी साखळी गुंडाळली, कुणी दोन सायकली एकमेकींना बांधल्या. सरजाबाई अजून चिंध्या फाडत होती, बांधत होती, जुळवत होती. पण लोक चिंधी देताना तिच्याकडे बघेनासे झाले होते. किल्ली हातात घट्ट धरलेली असायची. तिला प्रत्येक खट्चा आवाज वेगळा ओळखू यायचा. तो कुणाचा, हे न बघता सांगता यायचं. कधी कधी वाटायचं, हे कुलूप सायकलीला नाही, आपल्याला लावतायत. आणि तरी ती रोज सकाळी येऊन तेच करायची. एक पुढे तोंड, एक मागे तोंड, मुठीत मूठ.

पहिली जागा तिने मोकळी ठेवली होती. "अक्का, तितं दुसरी लावा की, जागा वाया चालली," पंडित म्हणायचा. "ऊन येतंय तितं," ती म्हणायची. तिथे ऊन कधीच येत नव्हतं.

सगळ्यात अवघड होतं दत्तरावचं येणं. नांदेडला जायला त्याला दुसरं स्टँड नव्हतं. तो रंगनाथची सायकल घेऊन यायचा, मागच्या चाकात जाडजूड साखळी ओवायचा, वर कुलूप मारायचा, कुलूप दोनदा ओढून बघायचा, आणि मग चिंधीसाठी हात पुढे करायचा. सरजाबाई रंगनाथच्या सायकलीच्या मुठीला चिंधी बांधायची. गाठ हळू मारायची. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. सायकल पुसलेली असायची. स्पोकांतली धूळसुद्धा काढलेली. साखळीला तेल, सीटखालच्या स्प्रिंगांना तेल. दत्तरावच्या हातचं हे काम नव्हतं, हे कळायला तिला चिंधी जुळवून बघायची गरज नव्हती.

पंचमी झाली, पोळा झाला. ओढ्यांना पाणी आलं. एका दुपारी, नांदेडची गाडी जाऊन बराच वेळ झाला होता, तेव्हा रस्त्यावरून बारीक किणकिणाट आला. सरजाबाई चिंध्या फाडत होती. तिचा हात थांबला.

लिंबाजी सायकलीवरून उतरला. सायकलीला हिरवा रंग दिला होता. दोन्ही बाजूंना पेट्या. तो सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला. बोलायचं पाठ करून आला असावा, पण आल्यावर विसरला.

"कसा हाय गुडघा?" तिनेच विचारलं.

"पोरगी पंचमीला आली होती," लिंबाजी म्हणाला. "मी जेवताना म्हणलं, आमच्या जावयासारखा जावई न्हाई. तर ताटावरून उठून गेली. मग रडत रडत सगळं सांगितलं." त्याने सायकल तिच्याकडे ढकलली. "ही घ्या. आन् हितंच हुबं राहून मी ओरडून सांगतो सगळ्यांला, मास्तराला, पंडितला, जावयाला बी. सरजाबाईच्या स्टँडवरून काय गेलं न्हाई."

"कशाला ओरडता? बसा. पाणी प्या."

"तुमचं नाव गेलं माह्यापायी!"

"आन् तुमी ओरडलाव तर कुणाचं जाईल?" सरजाबाईने विचारलं. "सांजंच्या गाडीनं जावई उतरंल. तुमचं ऐकंल. मग घरी जाईल. घरी कोण असतंय?"

लिंबाजी चिंचेच्या मुळीवर बसला.

"नांदायली ना लेक?"

"नांदायली," तो हळूच म्हणाला. "आता हात उगारीत न्हाई म्हणली फारसा. सायकल चांगली मिळाली, आन् रोज पुसून मिळती, खूश असतोय. ती म्हणली, बाबा, मामीच्या मालकाची सायकल हाय, म्हणून मी तिला रोज पुसती. आंघोळ घालावी तशी पुसती."

सरजाबाईने तोंड फिरवलं. रस्त्यापलीकडे एक शेळी कुंपणावर पुढचे पाय देऊन पाला ओरबाडत होती. सरजाबाईने तिला लांबूनच हाकललं. मग म्हणाली, "तेलाचा हात हलका ठिवा म्हणावं. पावसाळ्यात धूळ चिकटती."

"सांगतो."

"आन् तुमी आता बाजार करून या. सांजंच्या गाडीच्या आधी निघायचं. रंग दिला म्हणून काय झालं, त्या घंटीचा आवाज तोच हाय."

लिंबाजीने पेट्या सोडल्या. त्यातली एक उघडून त्याने हिरव्या काकणांचा जोड काढला, तिच्या हातांकडे बघितलं, घुटमळला. रंगनाथ गेल्यापासून ते हात मोकळे होते.

"ठिवा आत," ती हसून म्हणाली. "चिंध्या फाडताना फुटतील."

मग तिने सायकल हातात घेतली. रांगेच्या मध्यावर नेली नाही. सरळ पहिल्या जागी नेली, चिंचेच्या बुंध्याला लागून, आणि शेजारच्या सायकलीच्या मुठीत तिची मूठ अडकवली. मांडीवरच्या लुगड्याच्या तुकड्याची पट्टी काढली. टर्रकन दोन झाल्या. एक बांधली, एक लिंबाजीला दिली. त्याने ती पूर्वीसारखी कानाला अडकवली.

"कुलूप आणलं न्हाई का?" तिने विचारलं. ती हल्ली सगळ्यांना विचारायची. विचारून मोकळी व्हायची.

लिंबाजीने पेटी डोक्यावर घेतली नाही. दोन्ही हातांना दोन पेट्या धरल्या. "कुलूप?" तो म्हणाला. "हितं? तुमच्यापाशी?" आणि जणू तिने काहीतरी थट्टा केली, अशा चेहऱ्याने बाजाराच्या गर्दीत निघून गेला.

थोड्या वेळाने परभणीची गाडी आली. दिनकरराव मास्तर सायकल न्यायला आले. चिंधी जुळली. रांगेकडे जाता जाता ते पहिल्या जागेपाशी थांबले.

"सरजाबाई, या सायकलीला कुलूप नाही."

"न्हाई."

"कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

मास्तर हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. आपल्या सायकलीपाशी जाऊन त्यांनी कुलूप उघडलं. खट्. त्यांच्यामागे कुणी नवा माणूस आला, त्याने सायकल लावली, वाकून कुलूप दाबलं. खट्.

सरजाबाईच्या कानावर ते गेलं नाही. पहिल्या जागेवरच्या मुठीला बांधलेली चिंधी वाऱ्याने सैल झाली होती. ती उठली, जवळ गेली, आणि गाठ पुन्हा नीट बांधू लागली.